हिवाळ्यात घर घ्यायचं की वसंतापर्यंत थांबायचं?

नवखा_भाडेकरू

नमस्कार मंडळी,

आमचा भाडेकरार फेब्रुवारीअखेर संपतोय आणि मालकाला जागा मुलासाठी हवी आहे, म्हणजे पुढे वाढवून मिळायची आशा नाही. घर घ्यायचं हे ठरलेलंच होतं, पण डोक्यात उन्हाळा होता. मुलीची शाळा संपेल, मग निवांत बघू, असं. आता नोव्हेंबर उजाडलाय. राहतो अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे एकदा पडलेलं बर्फ मार्चपर्यंत हलत नाही.

ऑफिसातले म्हणतात हीच वेळ आहे, गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, भाव पाडून मागा. बायकोचं म्हणणं, चांगली घरं मे-जूनमध्ये आली आणि गेली, आता उरलाय तो गाळ. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. पहिलंच घर आहे. भर थंडीत कुणी घर घेतलंय का? काय बघावं, काय टाळावं? सल्ले, शंका, टोमणे सगळं चालेल.

गच्चीवरची_मैना

खुर्ची अडवून बसलेय. पुढच्या वर्षी आमच्यावरही हीच वेळ येणार आहे.

शंकासूर

टोमण्यापासून सुरुवात करतो. "हिवाळ्यात घरं स्वस्त होतात" हे वाक्य ज्या आकड्यांवरून निघतं ते आकडे तुमच्या ऑफिसातल्यांनी कधी उघडून बघितलेत का?

बातमीत येते ती त्या महिन्यात विकल्या गेलेल्या घरांची मध्यक किंमत, म्हणजे सगळ्या किमती क्रमाने लावल्यावर बरोबर मधली. जानेवारीत ती जूनपेक्षा कमी असते, हे खरं. पण जूनमध्ये मुलंबाळं असलेली कुटुंबं मोठी घरं घेतात, नवीन शाळा सुरू व्हायच्या आत बस्तान हलवायचं असतं म्हणून. जानेवारीत त्या मानाने लहान घरं जास्त विकली जातात. विकल्या गेलेल्या मालाचं मिश्रणच बदललं तर मध्यक खाली येणारच. तुम्ही बघताय तेच घर तेवढ्या टक्क्यांनी उतरलं, असा त्याचा अर्थ होत नाही. केस-शिलर हा घरांच्या किमतींचा निर्देशांक एकाच घराच्या दोन विक्रींची तुलना करतो, त्यामुळे हा घोळ तिथे कमी. हंगामी चढउतार त्यातही दिसतो, पण बातम्यांतल्या आकड्यांपेक्षा बराच सौम्य.

अजून एक गंमत. जानेवारीची विक्री म्हणजे जानेवारीत कागद झाले. सौदा ठरला तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. "जानेवारीत स्वस्त" वाचून जानेवारीत शोधायला निघणारा माणूस सगळ्यात शांत आठवडे घालवून बसलेला असतो.

आणि गिऱ्हाईक कमी होतं तशी घरंही कमी होतात. तुमच्या शाळेच्या हद्दीत विकायला तीनच घरं असली आणि घेणारे चार, तर बाहेर कितीही बर्फ पडू दे, भाव काही पडत नाही.

हिमगौरी

शंकासूर, आकड्यांचं मान्य. पण नवखा यांना काही सगळा बाजार विकत घ्यायचा नाहीये. एका घरापुरतं बोलायचं तर महिना कोणता यापेक्षा विकणारा *का* विकतोय हे जास्त मोलाचं.

थंडीत ज्याला थांबणं परवडतं तो थांबतो. बागेत फुलं येऊ देत, मार्चमध्ये बोर्ड लावू, असा विचार करतो. जो थांबत नाही त्याच्यामागे काहीतरी लागलेलं असतं. नोकरीची बदली झालीय. नवरा-बायको वेगळे होतायत. आईवडील गेले आणि भावंडं चार राज्यांत पांगलीत, रिकाम्या घराचं हीटिंग कुणाच्या खिशातून द्यायचं यावर वाद चाललेत. किंवा दुसरं घर आधीच घेऊन बसलेत आणि दोन हप्ते जातायत. बिल्डर असेल तर त्याला वर्षअखेरीच्या आत तयार घरं खपवायची असतात.

वहिनी म्हणतात तो गाळही असतो, नाही असं नाही. पण त्यात दोन जाती. एकात घरात खोट असते, दुसऱ्यात फक्त किमतीत. एप्रिलमध्ये कुणीतरी अव्वाच्या सव्वा भाव लावला, घर पडून राहिलं, मग लोकांना वाटायला लागलं की इतके दिवस पडलंय म्हणजे काहीतरी गडबड असणार. या दुसऱ्या जातीत थंडीतला खरा माल सापडतो. त्यासाठी घराचा जुना इतिहास बघा: पहिली किंमत, केव्हा केव्हा उतरवली, मध्ये एकदा सौदा ठरून मोडला का. मोडला असेल तर का मोडला हे एजंटला सरळ विचारा. बरेच जण डिसेंबरमध्ये घर बाजारातून काढतात आणि फेब्रुवारीत "नवीन" म्हणून परत लावतात, म्हणजे दिवसांची मोजणी शून्यापासून. त्याला फसू नका.

आम्ही डिसेंबरमध्ये घेतलं. किमतीत फार काही सूट मिळाली नाही, थोडीशी मिळाली. पण बाकीचं जे पदरात पडलं ते उन्हाळ्यात कुणी देत नव्हतं. त्याच भागात आमच्या ओळखीचे लोक जूनमध्ये इन्स्पेक्शनची (जाणकाराकडून घर तपासून घ्यायची) अट सोडून ऑफर देत होते, त्याशिवाय ऑफर बघतच नव्हते म्हणून. आम्ही इन्स्पेक्शन निवांत केलं, घर दोनदा परत बघितलं, जुना वॉटर हीटर त्यांच्याकडून बदलून घेतला, ताबा आमच्या सोयीने घेतला. कुणी घाई केली नाही. माझ्या मते हिवाळ्याचा फायदा हा आहे. भाव पाडायला म्हणून जाल तर हात हलवत परत याल, अटी घालायला म्हणून गेलात तर बरंच काही मिळेल.

फुकटचा_सल्ला

थोडक्यात, अडला हरी शोधा.

हिमगौरी

शोधा, पण त्याला पिळायला जाऊ नका. निम्म्या किमतीची ऑफर टाकली की समोरचा माणूस रागाने बोलणंच बंद करतो. त्याची अडचण तारखेची आहे की पैशाची, ते ओळखा. तारखेची असेल तर त्याला हवी ती तारीख द्या आणि मोबदल्यात तुम्हाला हवं ते मागा.

खिळेमोळे

मी धंद्याने इन्स्पेक्टर नाही, पण अनेक वर्षं घरांची दुरुस्ती केलीय आणि मित्रांसोबत घरं बघायला मला ओढून नेतात. माझं मत: थंडीत घर खोटं बोलू शकत नाही. जुलैमध्ये सगळ्याच घरांत छान वाटतं. जानेवारीत दहा मिनिटं कोट काढून उभं राहा, मग कळतं.

घरात शिरायच्या आधी रस्त्यापलीकडे उभं राहून छप्पर बघा. बर्फ पडून दोन-तीन दिवस झालेत, आजूबाजूच्या छपरांवर सारखा थर आहे आणि या घरावर मध्येच काळे पट्टे दिसतायत? म्हणजे तिथून घरातली ऊब वर निसटतेय, अ‍ॅटिकमधलं (छपराखालच्या माळ्यातलं) इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, कमी आहे किंवा एखाद्या फटीतून गरम हवा वर जातेय. पागोळ्यांच्या जागी हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबत असतील तर तेच दुखणं. वरचं बर्फ वितळतं, पाणी खाली कडेला येतं, कडेला खाली घरच नसल्याने छप्पर गार असतं, तिथे ते परत गोठतं आणि बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबतं आणि शिंगल्सच्या (छपरावरच्या पातळ पट्ट्यांच्या) खालून आत शिरतं. मग बाहेरच्या भिंतीलगत, छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग येतात. ते डाग ताजे रंगवून झाकलेले असतात. टॉर्च भिंतीला लावून तिरपा प्रकाश टाका, रंगाचं ठिगळ दिसतं.

अ‍ॅटिकमध्ये डोकावता आलं तर जरूर डोकवा. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दव गोठलेलं दिसलं तर घरातली दमट हवा वर पोचतेय. बाथरूमचा पंखा बाहेर न सोडता अ‍ॅटिकमध्येच सोडलाय असं कितीतरी घरांत निघतं. हे खिळे उन्हाळ्यात कोरडे असतात, तेव्हा कळायला मार्ग नाही.

खिडक्या. घरात ७० फॅरनहाइट तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर साधारण ४४-४५ फॅरनहाइटच्या खाली गेलेल्या पृष्ठभागावर पाणी जमतं. एक काचेच्या जुन्या खिडक्या त्याखाली सहज जातात. खालच्या चौकटीत लाकूड काळं पडलंय का, नखाने टोचून मऊ लागतंय का, बघा. दोन काचांच्या *मधे* धुकं असेल तर सील गेलंय, ती काच बदलावी लागणार.

फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) चालू असताना बघायला मिळते ही तर पर्वणीच. तिच्या पाटीवरचा सिरियल नंबर टिपून घ्या, त्यावरून बहुतेक वेळा कोणत्या वर्षी बनली ते निघतं. गॅस फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं टिकते. अठरा वर्षांची निघाली तर ती तुमच्या हिशेबात धरा, बंद पडायची वाट बघत बसू नका. हीट एक्स्चेंजरला (जळत्या गॅसची ऊब हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, तो तपासायला फर्नेसचा माणूस वेगळा बोलवावा लागला तरी बोलवा. प्रत्येक खोलीत जाऊन हवेच्या जाळीवर हात धरा. सगळ्यात लांबच्या खोलीत, बहुधा गॅरेजवरच्या, हवा येते का? ती खोली मुलीला द्यायचा विचार असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

इन्स्पेक्टरकडे थर्मल कॅमेरा असेल तर हाच त्याचा हंगाम. आत-बाहेर तापमानात चांगला वीसेक फॅरनहाइटचा फरक असला की भिंतीतली पोकळी, गळती सगळं चित्रात दिसतं.

रेडॉनची चाचणीही आत्ताच करून घ्या. जमिनीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून येणारा हा वायू, रंग ना वास, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं मोठं कारण. थंडीत दारंखिडक्या बंद असतात, आणि घरातली गरम हवा वर जाऊन निसटते तेव्हा खालून जमिनीतली हवा ओढली जाते, त्यामुळे आकडा सहसा उन्हाळ्यापेक्षा जास्त येतो. निदान ४८ तास यंत्र ठेवावं लागतं, त्याआधी १२ तास घर बंद. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची (ईपीए) मर्यादा ४ पिकोक्युरी प्रति लिटर आहे, आकडा तिथे किंवा त्यावर गेला तर उपाय करा म्हणतात. उपाय सोपा आहे, बेसमेंटच्या फरशीखालून पाईप आणि पंखा. विकणाऱ्याकडून करून घेता येतो.

गच्चीवरची_मैना

खिळेमोळे काका, हे सगळं छापून फ्रिजवर लावतेय. पण जे बर्फाखाली झाकलेलं असतं त्याचं काय? आमच्या मैत्रिणीने फेब्रुवारीत घर घेतलं, एप्रिलमध्ये बर्फ गेलं तेव्हा मागचा डेक (लाकडी ओटा) कुजका निघाला.

खिळेमोळे

बरोबर, ती दुसरी बाजू. थंडीत तपासता येत नाही अशा गोष्टी म्हणजे शिंगल्सची अवस्था, डेकच्या फळ्या, अंगणाचा उतार (पाणी घराकडे वाहतंय की घरापासून दूर), ड्राइव्हवेच्या भेगा, बागेचे स्प्रिंकलर, पोहण्याचा तलाव असेल तर तो. सेप्टिक टाकी गोठलेल्या जमिनीखाली असली तर झाकण शोधण्यापासूनच मारामारी.

आणि एसी. बाहेर साठेक फॅरनहाइटच्या खाली असेल तर इन्स्पेक्टर एसी चालवून बघत नाहीत, कॉम्प्रेसरला इजा होऊ शकते. बळजबरी करू नका. मात्र हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी. तोच कॉम्प्रेसर थंडीत उलटा चालून घर गरम करतो, त्यामुळे हीटिंगमध्ये नीट चालला तर निम्म्याहून अधिक शंका मिटते.

डेकवरचं बर्फ विकणाऱ्याला काढून द्यायला सांगा. काढत नसतील तर तुम्ही फावडं घेऊन जातो म्हणा. बहुतेक लोक लाजेने काढतात.

चावीवाली

मी याच व्यवसायात आहे, म्हणून करारातला भाग माझ्याकडून.

जे तपासता आलं नाही ते "बघू पुढे" म्हणून सोडायचं नसतं. दोन मार्ग आहेत. एक, उन्हाळ्यातले फोटो आणि कागद मागा. छप्पर कधी घातलं त्याची पावती, एसीच्या सर्व्हिसची शेवटची नोंद, सेप्टिक कधी उपसली त्याचं बिल. ज्याने घर सांभाळलंय त्याच्याकडे हे असतं, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नसतं तोही आपल्याबद्दल काही सांगून जातो. दुसरा मार्ग, ठरावीक रक्कम क्लोजिंगला (शेवटच्या सह्या आणि पैशांची देवघेव होते तेव्हा) विकणाऱ्याच्या पैशांतून बाजूला काढून एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या खात्यात, ठेवायची. वसंतात एसी चालवून बघितला, ठीक निघाला, रक्कम त्यांना परत. बिघडलेला निघाला तर त्यातून दुरुस्ती. याला बँकेची संमती लागते आणि प्रत्येक बँक देत नाही, म्हणून ऑफर लिहायच्या आधी कर्जवाल्याला विचारा. किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, कोण ठरवणार बिघडलाय की नाही, हे तिन्ही लेखी हवं. एवढं केलं नाही तर मे महिन्यात वकिलांची धन.

उन्हाळ्यात या अटींसकट ऑफर दिली तर ती कचऱ्यात जाते. डिसेंबरमध्ये विकणारा निदान ऐकून घेतो. हिमगौरी म्हणाल्या त्याला माझं पूर्ण अनुमोदन आहे.

एक नवीन नियमही लक्षात ठेवा. १७ ऑगस्ट २०२४ पासून एजंटसोबत घर बघायला जायच्या आधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात त्याची फी स्पष्ट लिहिलेली असते. ती फी घासाघीस करून ठरते, कुठेही दगडावर कोरलेली नाही. बाजार संथ असताना एजंटलाही काम हवं असतं, हे मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका. विकणाऱ्याने तुमच्या एजंटची फी भरावी अशी मागणी ऑफरमध्ये करता येते, थंडीत ती मान्य होण्याची शक्यता बरी असते.

शंकासूर

दगडावर कोरलेली नाही, हे एजंटच्या तोंडून ऐकायला मिळालं. धागा सार्थकी लागला.

कर्जाचा_काका

भावावर इतकी चर्चा झाली, पण हप्ता ठरतो व्याजदराने आणि व्याजदराला थंडी वाजत नाही. फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या साप्ताहिक सरासरीत ३० वर्षांचं स्थिर कर्ज जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत खाली आलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेलं. २०२०-२१ च्या हिवाळ्यात लोक बर्फात रांगा लावून घरं बघत होते आणि मागितल्या किमतीच्या वर ऑफर देत होते. "हिवाळा म्हणजे संथ" हा नियम दर फार खाली आले की कोलमडतो. म्हणून महिना बघून नव्हे, हप्ता मांडून ठरवा.

डिसेंबर-जानेवारीतले काही बारकावे.

दर बांधून ठेवताना (रेट लॉक) मुदत थोडी जास्तीची घ्या. मूल्यांकन करणारा, टायटलवाला (मालकीचे कागद तपासणारा), बँकेतला फाइल बघणारा, सगळे सुट्टीवर जातात. ३० दिवसांचा लॉक संपला आणि काम अडलं तर वाढवून घ्यायचे पैसे तुम्हालाच भरावे लागण्याची शक्यता जास्त. अंतिम हिशेबाचा कागद, म्हणजे क्लोजिंग डिस्क्लोजर, सह्यांच्या तीन कामकाजाचे दिवस आधी हातात पडावा लागतो. या मोजणीत शनिवार धरतात, रविवार आणि केंद्राच्या सुट्ट्या धरत नाहीत. नाताळ आणि नववर्ष मध्ये आलं की तीन दिवसांचे पाच-सहा होतात.

महिनाअखेरीला क्लोजिंग केलं की पैसे वाचतात असं बरेच जण सांगतात. वाचत नाहीत, पुढेमागे होतात. २८ जानेवारीला केलं तर चार दिवसांचं व्याज आगाऊ आणि पहिला हप्ता १ मार्चला. २ फेब्रुवारीला केलं तर जवळजवळ अख्ख्या महिन्याचं व्याज आगाऊ, पण पहिला हप्ता १ एप्रिलला. तुमच्या हातात तेव्हा रोकड किती आहे त्यावर ठरवा.

"डिसेंबर ३१ च्या आत घ्या, करात सूट मिळेल" हेही कानावर येईल. व्याजाची वजावट घ्यायची तर वजावटी वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात, आणि त्यांची बेरीज प्रमाणित (सगळ्यांना सरसकट मिळणाऱ्या) वजावटीपेक्षा जास्त भरली तरच उपयोग. डिसेंबरच्या थोड्या दिवसांच्या व्याजाने बहुतेकांचं ते गणित हलत नाही. पॉइंट्स (व्याजदर उतरवायला आगाऊ भरायची रक्कम) भरले असतील किंवा राज्याचा कर मोठा असेल तर मांडून बघा. घरपट्टीचं मात्र विचारा. काही राज्यांत राहत्या घराच्या सवलतीसाठी १ जानेवारी ही तारीख धरतात. फ्लोरिडात १ जानेवारीला घर तुमचं आणि तुमचा मुक्काम तिथे असावा लागतो, अर्ज १ मार्चपर्यंत. तिथे २ जानेवारीला ताबा घेणाऱ्याची वर्षभराची सवलत हुकते. तुमच्या राज्याचा नियम काउंटीच्या कार्यालयात विचारा.

आणि फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था विकत घेऊ शकतात त्या कर्जाची कमाल मर्यादा दरवर्षी १ जानेवारीला बदलते. बहुतेक काउंटींत २०२५ ची ८,०६,५०० डॉलर, २०२६ ची ८,३२,७५०. तुमचं कर्ज नेमकं या दोन आकड्यांच्या मधे पडत असेल तर नवीन मर्यादा कधीपासून लावता, एवढं बँकेला विचारा. नसेल पडत तर हा परिच्छेद विसरून जा.

दक्षिणध्रुव

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात हे सगळं उलटं, थंडी जून ते ऑगस्ट आणि लिलावांची झुंबड वसंतात, म्हणजे सप्टेंबरपासून. पण लोकांची वागणूक तीच. वसंतात बाग फुललेली दाखवून विकायचं म्हणून थंडीत सगळे दबा धरून बसतात.

फुकटचा_सल्ला

आणि फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना वगैरे ठिकाणी थंडी हाच हंगाम. उत्तरेकडचे पेन्शनर तिथे येऊन घरं बघतात. कुणी तिकडचं बघत असेल तर हा धागा उलटा धरून वाचा.

पानगळ

एक मुद्दा कुणी मांडला नाही. पानं झडलेली असताना घराचा शेजार दिसतो. उन्हाळ्यात ज्या गर्द झाडीमुळे "मागे काय छान जंगल आहे" वाटतं, तिच्यामागे हायवेची भिंत किंवा शेजाऱ्याची थेट आपल्या स्वयंपाकघरात उघडणारी खिडकी असते. आवाजही अडत नाही, त्यामुळे रस्ता किती ऐकू येतो ते कळतं.

ऊनही बघा. ४२ अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो, जूनमध्ये ७१ अंशांच्या पुढे. दक्षिणेकडच्या खोलीत ऊन खोलवर आत येतं, उत्तरेकडच्या खोलीत दिवसभर दिवा लागतो. त्या चार महिन्यांत तुम्ही कोणत्या खोलीत बसणार आहात, ते बघा. ड्राइव्हवे उत्तरेला असेल आणि उताराचा असेल तर घराची सावली पडून त्यावरचं बर्फ महिनोनमहिने जात नाही. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर दोन्ही बाजूंचा फुटपाथ साफ करायचं काम तुमचं. आणि रस्ता खासगी आहे का विचारा, कारण मग नगरपालिकेची गाडी बर्फ काढायला येत नाही, पैसे रहिवाशांनी भरायचे.

फक्त झाडांची तब्येत थंडीत ओळखता येत नाही. वाळलेलं आणि झोपलेलं झाड सारखंच दिसतं. घरावर वाकलेलं मोठं झाड असेल तर फांद्यांची साल सोलवटून गेलीय का, बुंध्याला अळंबी आहे का, बघून घ्या.

नवखा_भाडेकरू

मंडळी, किती आभार मानू. शंकासूर यांच्यामुळे ऑफिसातल्यांशी भांडून झालं आणि चावीवाली ताईंमुळे एजंटशी. 😀

बरीच घरं बघून दोन राहिली आहेत. पहिलं राहतं घर आहे, छान ठेवलेलं, त्यांना घाई नाही, किमतीवरून हलत नाहीत. दुसरं ऑक्टोबरपासून बाजारात आहे, किंमत दोनदा उतरवली. घर रिकामं आहे, मालकीण गेल्या आणि मुलं परराज्यात. जागा, शाळा, दक्षिणेचं ऊन, सगळं आमच्या मनासारखं. पण आत गेलो तर घर गारठलेलं, संडासाच्या झाकणावर चिकटपट्टी आणि "वापरू नये" असा कागद, नळाला पाणी नाही. एजंट म्हणाला पाईप गोठू नयेत म्हणून सगळं पाणी काढून ठेवलंय, हे नेहमीचं आहे, इन्स्पेक्शन असंच करून घ्या. बायकोला घर फार आवडलंय. मला ती चिकटपट्टी डोळ्यासमोरून जात नाही.

खिळेमोळे

तुमची चिकटपट्टी बरोबर सांगतेय. पाणी काढून ठेवणं नेहमीचं आहे यात खोटं काही नाही. पण इन्स्पेक्शन "असंच" करायचं नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाईपच्या एखाद्या वाकड्या जागी थोडं जरी पाणी राहून गेलं असेल तर तडा गेलेला असतो, आणि तो पाणी सोडल्याशिवाय कळत नाही. पाणी *कधी* काढलं ते विचारा. पहिल्या कडाक्याच्या थंडीच्या आधी की नंतर? आणि कुणी काढलं, प्लंबरने की मुलाने सुट्टीत येऊन? प्लंबरने काढलं असेल तर पावती असते.

मग करारात लिहून घ्या: इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याच्या खर्चाने आणि त्यांच्या प्लंबरच्या हजेरीत हीटिंग सुरू करायचं, घर निदान साठ फॅरनहाइटपर्यंत येऊ द्यायचं, मग पाणी सोडायचं. तुम्ही तिथे हजर राहा. पाणी सोडल्यावर मीटर बघा. सगळे नळ बंद असताना मीटरचा काटा फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. बेसमेंटच्या छताकडे तासाभराने परत बघा, बारीक तडा लगेच गळत नाही. वॉटर हीटर, डिशवॉशर, वॉशिंग मशीनच्या मागचे व्हॉल्व्ह, फ्रिजला जाणारी पाण्याची बारीक नळी, आणि बाहेरचे नळ. गळते ते हटकून याच ठिकाणी.

चावीवाली

आणि विचारा की घराचा विमा अजून चालू आहे का. घर बरेच दिवस रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसींत पाईप फुटण्याचं नुकसान भरून मिळत नाही, ३० किंवा ६० दिवसांची अट असते. सौदा ठरल्यापासून ताबा मिळेपर्यंत काही फुटलं तर जबाबदारी कुणाची हे करारात एका ओळीत स्पष्ट करून घ्या. क्लोजिंगच्या आदल्या दिवशी अंतिम फेरी माराल तेव्हा पाणी आणि हीटिंग दोन्ही चालू असलं पाहिजे, हेही त्यातच. वारसदार एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या कुठून, कशा होणार ते आत्ताच विचारून ठेवा. तुमच्याकडे फेब्रुवारीअखेरची तारीख आहे, आणि एक भाऊ फोन उचलत नाही म्हणून तीन आठवडे अडकलेला सौदा मी बघितलाय.

हिमगौरी

तारीख त्यांनाही टोचत असणार. रिकाम्या घराची घरपट्टी, विमा, बर्फ काढणाऱ्याचं बिल, सगळं दर महिन्याला त्यांच्या खिशातून जातंय. किंमत आधीच दोनदा उतरलीय, तिसऱ्यांदा फार ओढू नका. प्लंबिंगची अट आणि एसीसाठी एस्क्रोत रक्कम, या दोन गोष्टींवर ठाम राहा. पहिल्या घरवाल्यांना अजून नाही म्हणू नका.

नवखा_भाडेकरू

ऑफर पाठवली, दोन्ही अटींसकट. पाणी सोडायला ते तयार आहेत, पावतीही मिळाली, प्लंबरची, ऑक्टोबरअखेरची. एस्क्रोच्या रकमेवर दोन भाऊ तयार, बहिणीचं उत्तर यायचंय. खिळेमोळे काका, आमची बँक एस्क्रोला हो म्हणाली, पण मुदत १५ मेपर्यंतच देतेय. तोवर आमच्याकडे एसी चालवण्याइतकं गरम होईल का?

खिळेमोळे

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सत्तरीतला एखादा दिवस मिळतोच. एसीवाल्याची वेळ एप्रिलमध्येच घेऊन ठेवा, गरम झालं की सगळे एकदम फोन करतात. आणि करारात "१५ मे" सोबत "त्या दिवसापर्यंत बाहेरचं तापमान साठच्या वर गेलं नसेल तर दोन आठवडे वाढ" असं घालायचा प्रयत्न करा. बँक बहुधा नाही म्हणेल, विचारायला पैसे पडत नाहीत.